कोहेनाने आईला विचारलं

बाळा, तुला सोडवायला कोहेन मिळेना म्हणून तुझ्या आजीने महिनाभर आमचा जीव खाल्ला.

आपण बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी बैल मोकळे सोडणारी माणसं. आपल्यात कोहेन नाहीत. कोहेन म्हणजे आपल्या पहिल्या पुरोहिताच्या, हारूनच्या वंशातले. यरुशलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा वेदीवरचं अर्पण त्यांच्याच हातून व्हायचं, त्यांचे भाऊबंद लेवी बाजूला उभे राहून गायचे. मंदिर पडलं, तरी एक नियम उरला. आईच्या पोटचा पहिला मुलगा देवाचा. महिना उलटला की बापाने कोहेनाच्या हाती चांदी ठेवायची आणि त्याला घरी सोडवून आणायचा.

शेजारच्या पार्बताबाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आपल्याच पोराले इकत घ्या लागते? कावून?"

तू दुपट्यात इतका निवांत झोपला होतास की मलाही कळेना तुला कोणापासून सोडवायचं.

तुझे वडील अकोल्यात, येऊ घातलेल्या रेल्वेच्या कोठारावर कारकून. अमरावतीच्या कापूसबाजारात मुंबईच्या एका पेढीचा माणूस आहे, मेनाशे नावाचा, बगदादी यहुदी, तो कोहेन आहे असं त्यांना कळलं. निरोपावर निरोप गेले. पण अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला. "बाजार उतरला की येतो," एवढंच उत्तर.

"बाजार उतरेपर्यंत पोराला दाढी येईल," आजी म्हणाली.

तो येणार असं अखेर ठरलं, तेव्हा तिने मला चुलीपाशी गाठलं. "कुणी विचारलंच तर हा पहिला. ते वाटेवरचं धरायचं नाही."

वाटेवरचं. गेल्या साली भुसावळहून बैलगाडीने येताना, बाळापूरच्या अलीकडे, पाचव्या महिन्यात माझ्या पोटातून जे गेलं ते. इथे पोचल्यावर कितीतरी दिवस पार्बताबाई मला पेज भरवत होती. त्या लेकराला नाव नव्हतं. आता ते धरायचंही नाही.

काल मेनाशे दमणीतून उतरला तोच कपाळाला आठ्या घालून. दाढीत कापसाचे तंतू. आजीने गूळ-खोबरं घालून पोह्यांचा मलिदा केला होता, ताटात रुपये मांडले होते. तिने तुला माझ्या मांडीवरून उचलून ताटाशेजारी ठेवलं आणि तू भोकाड पसरलंस.

"मुलाची आई कुठाय?" मेनाशेने विचारलं.

"आत आहे. बाप इथं उभा आहे की," आजी म्हणाली.

"आमच्याकडे आधी आईला विचारतात. हा पहिलाच काय?"

"पहिलाच," आजी म्हणाली.

"पहिलाच," तुझे वडील जमिनीकडे बघत म्हणाले.

"आई एक आहे की तीन? मी तिला विचारतोय."

मी दारात आले. माझं पोर, माझं पोट, आणि उत्तरं सगळ्या घराची. मी म्हणाले, "याच्याआधी एक होतं. पाच महिन्यांचं. गेलं."

आजीने कपाळावर हात मारला.

मेनाशेने रुपयांचं ताट बाजूला सारलं. "मग हा पहिला नाही. पहिला तो, जन्मला नाही तरी. याला सोडवायचं कारण नाही."

"एवढ्या लांबून आलात, घ्या ना रुपये," आजी अजिजीने म्हणाली.

"घेतले तर चोरी. बाई, मंदिर गेलं, वेदी गेली. आम्हा कोहेनांच्या हाती उरलं काय? पहिलं पोर सोडवायचं आणि हात वर करून आशीर्वाद द्यायचा. बाकी दिवसभर कापूस. त्यातही खोटं करू?" त्याने पाणी मागितलं, हात धुतले, डोक्यावरून शाल ओढली. बोटं फाकवून दोन्ही हात तुझ्यावर धरले. तू गप्प झालास. हात काढता काढता त्याने दाराकडे, माझ्या बाजूला, क्षणभर धरले. मग लगेच, "माझा बाजार बुडाला," म्हणत दमणीत चढला.

"लोकांना काय सांगू मी आता?" आजी मलिद्याचे वाटे पानांवर आपटत होती.

"काई सांगू नोका, मले मलिदा द्या," पार्बताबाई म्हणाली.

सगळ्यांना वाटून झाल्यावर एक पान उरलं. मी ते उचलायला गेले.

"राहू दे ते," आजी खेकसली. "त्याचा वाटा आहे. त्या मोठ्याचा."