एकतिसावी ओळ

"सेहेचाळीस," मी म्हटलं आणि फॉर्मचा गठ्ठा पुन्हा टेबलावर आपटून सरळ केला.

"मगाशीही तेवढेच भरले होते," शिपाईमामा दारातून म्हणाले. "मोजून मोजून कमी होणारेत का ते, बाई?"

"अहो, दहावी बचा पट पंचेचाळीस आहे. फॉर्म सेहेचाळीस कसे येतील?"

"एखादीने दोन भरले असतील. शाळेवर जीव जडला असेल बिचारीचा."

मामांच्या विनोदाला हसायला मला वेळ नव्हता. दहावीच्या मुली शाळा सोडायच्या आधी आम्ही त्यांच्याकडून एक फॉर्म भरून घेतो. शाळेचा अनुभव कसा होता, काय आवडलं, काय आवडलं नाही. मागच्या पानावर पालकांचाही अनुभव. हे फॉर्म कोणी वाचत नाही, पण मोजावे मला लागतात. त्यातून त्याच दिवशी बोर्डाच्या परीक्षेची यादी पाच वाजेपर्यंत पाठवायची होती. यादीत जिचं नाव नाही, तिचं वर्ष गेलं. त्यात कुणाच्या बापाचं काही चालत नाही.

मी या शाळेच्या ऑफिसात एकोणतीस वर्षं कारकून. मुली मला मागून पट्टीबाई म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पटावरून नाव कमी करायचं झालं की मी स्टीलची पट्टी ठेवून लाल शाईची सरळ रेघ मारते. हाताने ओढलेली वाकडीतिकडी रेघ मला खपत नाही. चौकटीबाहेर गेलेली सहीसुद्धा मी परत करते, मग पालक कितीही मोठे साहेब असोत. दोन महिन्यांनी निवृत्त होताना कुणी माझ्या रजिस्टरावर बोट ठेवू नये, एवढीच माझी हौस.

जास्तीचा फॉर्म तळाशी सापडला. त्यावर नाव नव्हतं. नावाच्या जागी कागद मात्र विरला होता, कुणी पुन्हा पुन्हा लिहून खोडरबराने पुसावं तसा. अक्षर बारीक आणि फिकट होतं.

'शाळेत काय आवडतं?' याच्यापुढे लिहिलं होतं : खिडकीजवळची जागा.

'शिक्षक तुमच्याशी कसे बोलतात?' बोलत नाहीत.

'काय आवडत नाही?' हजेरीत माझं नाव घेत नाहीत. आधी मी हात वर करायचे.

'काही तक्रार?' नाही.

मागचं पालकांचं पान कोरं होतं. कुणीतरी चावटपणा केलाय, असं मी स्वतःला सांगितलं. पण चावटपणा करणारी मुलगी तक्रारीच्या रकान्यात 'नाही' लिहून गप्प बसत नाही, एवढं मुलींना मी ओळखते.

"बाई," कुणीतरी म्हणालं.

खिडकीशी एक बाई उभ्या होत्या. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, साधा ड्रेस, उजवी मूठ घट्ट मिटलेली.

"मुलीची चौकशी करायची होती. दहावी ब."

"नाव सांगा."

त्यांनी तोंड उघडलं आणि तशाच राहिल्या. मग मूठ उघडली, आतली चिठ्ठी बघितली आणि नाव वाचून दाखवलं. आईने पोटच्या मुलीचं नाव चिठ्ठीत बघून सांगितलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

"तुम्ही काय म्हणाल ते म्हणा," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "घरून निघतानाच लिहून घेतलं. का, ते मलाच कळलं नाही. रस्त्यात दोनदा उघडून बघावं लागलं."

मी यादीवर बोट फिरवलं. वरून खाली, मग खालून वर.

"या नावाची मुलगी दहावी बमध्ये नाही, ताई."

"असं कसं? रोज येते ती! मी स्वतः डबा भरून देते तिला." मग त्या अडखळल्या. "देते म्हणजे... परवा राहिला भरायचा. ती काही बोलली नाही, तशीच गेली. आणि काल जेवायला ताटं मांडली, ती तीनच. आम्ही चौघं आहोत हो. मी, हे, धाकटा, आणि..." त्यांचा अंगठा चिठ्ठीवरून फिरला. "अर्धी जेवणं झाल्यावर बघते, तर ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. म्हटलं, कधी आलीस? तर म्हणाली, मघापासून इथेच आहे. म्हटलं, मग हाक मारायची ना! तर म्हणाली, मारली की."

"आजारी नाही ती, कुणाचा धाक नाही," त्या म्हणाल्या. "पण मला भीती वाटते. उद्या मी चिठ्ठी लिहायचीच विसरले तर?"

मी पटाचं मूळ रजिस्टर काढलं. शाळा उघडतानाची यादी सत्तेचाळीस मुलींची होती. एकतिसाव्या ओळीवर चिठ्ठीतलंच नाव होतं. त्यावरून माझी लाल रेघ गेली होती, अगदी सरळ. शेरा : दाखला नेला.

दाखला नेला होता तो बत्तीस नंबरच्या मुलीने. वडिलांची बदली झाली, पहिल्याच महिन्यात ती गेली. दाखल्यांच्या पुस्तकात तिची स्थळप्रत होती. मग सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. त्या दिवशी पट्टी एक ओळ वर सरकली होती. महिन्याने वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आली, बत्तीस नंबर सतत गैरहजर. मी म्हटलं, अरेच्चा, हिचं नाव कमी करायचं राहिलंच की. आणि तीही ओळ मारली. वरच्या ओळीकडे बघितलंसुद्धा नाही. दर महिन्याचा हजेरीपट या रजिस्टरावरून उतरवतात. मारलेलं नाव पुढच्या महिन्यात जात नाही.

आठ महिने.

खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार त्या मुलीचा आला नाही. मनात आलं, रजिस्टर मिटावं. 'तुमचीच काहीतरी गल्लत होतेय ताई' म्हणावं. दोन दिवसांत या बाई चिठ्ठी विसरतील आणि हा विषयच उरणार नाही. मला याची अजून लाज वाटते. समोरच्या बाई तोवर पुन्हा मूठ उघडून बघत होत्या.

"बसा इथे," मी म्हटलं. "कुठे जाऊ नका. आणि ती चिठ्ठी सांभाळा."

घड्याळात पावणेबारा झाले होते.

दहावी बच्या वर्गात तास चालू होता. मी दारातून मोजलं. तेवीस बाक, बाकावर दोघी. फक्त खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर एक चष्मेवाली एकटी होती, तीही टोकाला, निम्मी बाहेर.

"तुझ्या शेजारी कोण बसतं गं?"

"कुणी नाही, बाई."

"मग नीट सरकून बस की. पडशील."

ती सरकायला गेली आणि मध्येच थांबली. "नको बाई. इथेच बरं आहे. सवय झालीय."

"कसली सवय?"

वर्गात खसखस पिकली. खिडकीकडच्या रिकाम्या जागेपुढे पेन्सिलीच्या सालपटांचा लहानसा ढीग होता. मी बाकावर हात ठेवला. लाकूड कोमट होतं, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं. ऊन अजून त्या बाजूला आलं नव्हतं.

वर्गशिक्षिकेला मी बाहेर व्हरांड्यात घेतलं. पोरगी कामाची आहे, चौतीस-पस्तिशीची, तिची चाचपडणारी नजर मला कधी दिसली नव्हती. त्या दिवशी दिसली.

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगते," ती म्हणाली. "कवायतीला मी जोड्या लावते. पंचेचाळीस मुली, म्हणजे एक उरायला पाहिजे ना? कधी उरत नाही. मी मोजायचंच सोडलं."

"आणि परीक्षेचे पेपर?"

ती एकदम लाल झाली. व्हरांड्यातलं कपाट उघडून तिने तळातून दोरीने बांधलेले पेपर काढले. सगळ्यांवर तेच बारीक फिकट अक्षर होतं. एकही तपासलेला नव्हता. "यादीत नंबरच नव्हता हो. म्हटलं दुसऱ्या वर्गातले चुकून आले असतील, नंतर विचारू. मग डोक्यातूनच गेलं." ती पहिला पेपर वाचायला लागली आणि तिथेच उभ्याउभ्या म्हणाली, "अहो, किती छान लिहिलंय हिने."

मुख्याध्यापिकांसमोर मी रजिस्टर उघडून ठेवलं. सगळं सांगितलं. चूक माझी आहे, पट्टी माझी, शाई माझी.

त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. "दोनच महिने राहिलेत तुमचे," त्या म्हणाल्या. "वर कळवावं लागेल. शेरा बसेल तुमच्या नावावर."

"बसू दे. निदान नावावर तरी बसेल."

त्यांनी मान वर केली, मग पेन उचललं.

रजिस्टरातली रेघ खोडता येत नाही. खाली नवी ओळ घालावी लागते. मी पट्टी न घेता लिहायला बसले. चिठ्ठी त्या माउलीच्या घामाने ओली झाली होती, शाई पसरली होती. शेवटचं अक्षर मी जुन्या ओळीत, लाल रेघेखालून वाचून घेतलं. पूर्ण नाव लिहिलं. पुढे लिहिलं, 'लिपिकाच्या चुकीने कमी केले होते, पूर्ववत दाखल.' खाली माझी सही आणि तारीख. मग नाव हजेरीपटावर तिच्या जुन्या एकतीस नंबरला आणि बोर्डाच्या यादीतही चढवलं.

मधल्या सुट्टीनंतर पुन्हा हजेरी होते. मी आणि ती आई वर्गाच्या दाराशी उभ्या राहिलो. वर्गशिक्षिकेचा आवाज नेहमीसारखा नव्हता. अठ्ठावीस, हजर. एकोणतीस, हजर. तीस, हजर. मग तिने एकतिसावं नाव घेतलं.

काही झालं नाही.

बाहेर कुठेतरी नळ ठिबकत होता, तेवढाच आवाज. माझ्या शेजारी त्या आईने माझा दंड धरला, नखं रुतेपर्यंत. वर्गशिक्षिकेने पुन्हा नाव घेतलं, या वेळी मान वर करून. पंचेचाळीस मुली समोर बघत होत्या. चष्मेवाली मात्र हळूच खिडकीकडे वळली आणि अंग चोरून थोडी आणखी टोकाला सरकली, कुणाला जागा करून द्यावी तशी.

"हजर."

आवाज घोगरा होता, फार दिवस न वापरलेला. खिडकीजवळ एक मुलगी बसली होती. ती उठली नाही, कुठून आली नाही. ती तिथेच होती, आणि मी इतका वेळ तिच्याकडेच बघत होते. किडकिडीत, दोन वेण्या, हात खांद्याएवढा वर केलेला. कुणी दचकलं नाही. चष्मेवाली तिला एवढंच म्हणाली, "माझं पेन दे ना, सोमवारपासून तुझ्याकडे आहे."

हा सोमवार की कुठला, ते मी विचारलं नाही. मला रडू कोसळलं आणि मी पदर तोंडाशी धरून व्हरांड्यात गेले. एकोणतीस वर्षांत पट्टीबाई शाळेत रडल्या नव्हत्या.

साडेचारला मायलेकी ऑफिसच्या खिडकीशी आल्या. आईचा हात मुलीच्या पाठीवर होता, तो तिने एकदाही काढला नाही. परीक्षेचा फॉर्म मी स्वतः भरून ठेवला होता. फक्त सही हवी होती.

"इथे, बाळ. या चौकटीत."

मुलीने पेन घेतलं. टोक कागदाला टेकवलं. आणि ती तशीच थांबली.

"काय झालं?"

तिने आईकडे बघितलं नाही. माझ्याकडे झुकली आणि आईला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "बाई, वर माझं नाव काय लिहिलंय, ते एकदा वाचून दाखवता?"

मला वाटलं फिकट दिसत असेल. मग तिच्या डोळ्यांकडे बघितलं आणि कळलं.

मी वाचून दाखवलं. तिने ऐकलं, लांबच्या नात्यातल्या कुणाचं ऐकावं तसं.

"अजून एकदा," ती म्हणाली.

या वेळी मी हजेरीसारखं वाचलं नाही. अंगणात खेळणाऱ्या लेकराला घरी बोलवावं, तशी हाक मारली. तिचे ओठ हलले. आई मान फिरवून भिंतीकडे बघत होती, म्हणजे तिने ऐकलं होतं. तिसऱ्यांदा मुलगी माझ्याबरोबर म्हणाली, आणि मग लिहायला लागली. एकेक अक्षर, मध्ये थांबत, पहिलीतल्या पोरीसारखं मोठं मोठं. शेवटची दोन अक्षरं चौकटीत मावली नाहीत. रेघ ओलांडून बाहेर गेली.

तिने घाबरून वर बघितलं. मुलींना माझा नियम माहीत असतो.

पाच वाजायला दहा मिनिटं होती. मी सहीवर टीपकागद ठेवला, हळूच दाबला आणि फॉर्म यादीला जोडून मामांच्या हातात दिला.