सरपंचबाईंची मान

करंजवाडीचं सरपंचपद महिलांसाठी राखीव निघालं, तेव्हा सोमेश्वरनं आपली बायको सुकन्या हिला उभं केलं आणि ती निवडून आल्याबरोबर स्वतःसाठी कार्डं छापून घेतली: 'सरपंच पती'. धारूरच्या बाजारात तो ती लग्नपत्रिकेसारखी वाटत फिरायचा. सुकन्याच्या वाट्याला दोन कामं उरली. सही करायची आणि चहा प्यायचा.

सहीचं एक वेळ ठीक होतं, चहाला मात्र अंत नव्हता. नळाला पाणी येत नाही म्हणून तक्रार ऐकायला जावं तर चहा, पाणी आलं म्हणून बोलावलं तर चहा. आणि करंजवाडीचा चहा म्हणजे साखरेचा पाक, पत्ती आपली नावाला. शिवाय कुणाला नातू झाला की पेढा, कुणी मेलं की तेराव्याला बुंदी. एखाद्या 'भावी जिल्हा परिषद सदस्या'चा वाढदिवस असला तर तलवारीनं कापलेला केक. त्यातला निम्मा त्याच्या तोंडाला फासायचा, निम्मा सरपंचबाईंच्या तोंडात कोंबायचा. घरी येईस्तोवर भूक मेलेली असायची आणि भाकरी टोपल्यात तशीच वाळायची. बघता बघता ब्लाउजच्या होत्या नव्हत्या त्या शिवणी उसवून झाल्या, आणि मान काळी पडली.

उन्हानं रापते तशी नव्हे. जाडसर, मखमलीसारखी, घड्या पडलेली काळी.

ती आधी दिसली समोरच्या छबुबाईला. छबुबाईला दिसलं म्हणजे गावाला दिसलं.

"डागिना पितळंचा हाय बघा," ती दळणाच्या रांगेत म्हणाली. "रंग उतरलाय मानंवर. सोमेश्वरनं मतदाराला फसवलं ते फसवलं, बायकोला बी सोडलं न्हाई."

सोमेश्वरला हे कळलं तेव्हा तो मिशी कोरून घेत होता. एक बाजू झालेली, एक राहिलेली. तसाच तो उठला, सुकन्याच्या गळ्यातलं मंगळसूत्र उतरवून घेतलं आणि धारूरच्या सराफाकडं गेला. सराफानं सोनं कसाला लावलं, अस्सल निघालं. सोमेश्वरनं त्याचा व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'जळणाऱ्यांनी बघून घ्यावं.'

थोड्या वेळानं कुणीतरी उत्तर टाकलं. 'सोनं खरं हाय तर मग सरपंच मान धूत न्हाईत का?'

त्याखाली हसून लोळणाऱ्या तोंडांची रांगच लागली.

पितळेवर सुकन्या हसली होती. हे मात्र लागलं. ती रोज पहाटे उठून चुलीवर पाणी तापवून अंघोळ करणारी बाई. सासू भिवराबाईलाही लागलं, पण तिच्या पद्धतीनं. "माझ्या घरात मळकी सून? बस खाली," म्हणत तिनं टाचा घासायची वजरी काढली आणि सुनेची मान घासली. दुसऱ्या दिवशी लिंबू आणि मीठ. तिसऱ्या दिवशी बेसन, हळद, राख आणि कुणीतरी सांगितली म्हणून टूथपेस्ट. मळ काही निघाला नाही, कातडं तेवढं निघालं. न्हाणीत लिंबाचं पाणी सोललेल्या मानेवर उतरलं, तेव्हा सुकन्या पदराचा बोळा तोंडात धरून रडली. मग तोंड धुतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "गाडी काढा. अंबाजोगाईला जायचं."

"काय सांगायचं तिथं? मान घाण हाय म्हणून?"

"तुमी काय सांगू नका. गाडी चालवा."

चामडीच्या डॉक्टरीणबाईंनी मान पाहिली, सोललेली जागा पाहिली आणि कपाळाला हात लावला. "कुणी घासली ही?"

"आत्याबाईंनी. मायेनं."

"माया आवरा म्हणावं. हा मळ नाहीच. सारखं गोड खाल्लं, वजन वाढलं, की कधी कधी अंगाला साखर आवरेनाशी होते, आणि ते आधी मानेवर दिसतं. रक्त तपासू. चहा किती होतो?"

"मला कुठं आवडतो! लोक पाजतात."

तपासणीत साखर काठावर निघाली. अजून रोग नाही, पण अंगणात चप्पल काढून बसलेला. डॉक्टरीणबाईंनी मलम थोडंच दिलं, बोलणं जास्त दिलं. गोड बंद. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, काकडी, आणि रोज चालणं. "मान हळूहळू उजळेल. घाई केली तर पुन्हा सोलून याल."

भाकरी, डाळ, चालणं जमण्यासारखं होतं. खरी पंचाईत चहाची. करंजवाडीत एखाद्याच्या घरचा चहा नाकारला की त्याचा काय अर्थ लावतात, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

पहिला नकार छबुबाईच्याच घरी.

"का ग, आमच्या घरचा च्या गोड लागंना का आता?"

"लई गोड लागतो काकू, तीच तर बोंब हाय."

छबुबाईनं आधीचं 'लई गोड' गाळून शेवटची 'बोंब' तेवढी गावभर नेली. आठवड्यात गाव बोलायला लागलं, सरपंचीण माजली. माजी सरपंच आसाराम तर अशा संधीची वाटच बघत होता. ग्रामसभेत विषय नालीचा निघाला आणि तो उपरणं सावरत उठला.

"नालीचं राहू द्या. सरपंच वस्तीवर येतात, गोरगरिबाच्या कपाला हात लावत न्हाईत. हा अपमान कावून सहन करायचा?"

माणसं कुजबुजायला लागली. सोमेश्वर घसा खाकरून उभा राहिला. "त्याचं काय हाय, की शासनाच्या..."

"तुमी बसा," सुकन्या म्हणाली.

सोमेश्वर बसला.

सुकन्या उठली. सभेत ती आजवर 'सूचक' नि 'अनुमोदक' यापलीकडं बोलली नव्हती. तिनं पदर मानेवरून खाली घेतला आणि सगळ्या सभेकडं पाठ केली.

"बघा नीट. ग्रुपवर लई हसलात. हा मळ न्हाई, ही तुमची साखर हाय. प्रत्येकाच्या घरचा कप हितं जमा झालाय. मी च्या सोडला तो सगळ्यांचा सोडला, माझ्या घरचा बी सोडला. इथून पुढं पाजायचं असंल तर ताक पाजा." मग ती वळली. "आणि आसारामभाऊ, तुमी भर उन्हाळ्यात उपरणं कावून गुंडाळता? काढा बरं."

"त्याचा इथं काय संबंध!" आसारामनं उपरणं दोन्ही हातांनी धरलं.

बायकांच्या बाजूनं त्याचीच कारभारीण बोलली. "काढा की! रोज घासून घासून माझं मनगट गेलं."

सभेत असा हशा उठला की छपराच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. उपरणं कुणी ओढलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. आसारामची मान जुन्या तव्यासारखी होती. हसता हसता लोक एकमेकांच्या कॉलरी मागं ओढून बघायला लागले आणि हसणं हळूहळू कमी झालं.

पुढच्या महिन्यात शाळेत रक्त तपासणीचं शिबिर झालं. ज्यांच्या माना गोऱ्या होत्या अशाही काहींना साखर निघाली, छबुबाई त्यातलीच. आसारामची तर काठ सोडून पार पुराला गेलेली. गोळ्या चालू झाल्या. "सरपंचिणीनं मला शुगर लावली," असं तो पारावर सांगत असे. पण डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, आणि गावात चालण्यासारखा रस्ता एकच, धारूरच्या घाटाकडचा. त्यावर पहाटे सुकन्या आधीच असायची.

आधी दोघं रस्त्याच्या दोन कडांनी चालले. मग नालीवरून भांडण सुरू झालं. इकडून तिकडं ओरडून भांडायला दम पुरेना, म्हणून जवळ येऊन भांडायला लागले. भांडणाच्या नादात चालण्याचं अंतर वाढत गेलं, आणि दिवाळीपर्यंत नालीचं काम कुठून सुरू करायचं ते ठरलंही.

सुकन्याची मान पूर्ण उजळली नाही. घड्या विरल्या, काळेपणा फिका झाला, वजन उतरलं. घरोघरी आता तिच्यापुढं ताक, काकडी आणि शेंगांचा मारा होतो, नि कुणाच्या ताकाला आंबट म्हणायची सोय नाही.

गावात मात्र नवीनच वावडी उठली, आसाराम आणि सरपंचबाईंची युती झाली. ती ऐकून 'सरपंच पती'ला झोप येईना. आता तोही पहाटे बूट घालून दोघांच्या मागून कान टवकारून चालतो. त्याला ऐकू काहीच येत नाही, पण पँट ढिली झाली आहे.