न उडालेला बार

पुंजाराम सैन्यात सुरुंगवाला होता. पूल उडवणं, खडक फोडणं, शत्रूनं पुरलेले सुरुंग शोधून निकामी करणं, हे त्याचं काम. एकाहत्तरच्या लढाईनंतर तो नायकाच्या हुद्द्यावरून सुटून आला, तेव्हा बायको वारलेली होती आणि पिशोर गावातल्या घरात भावाचा संसार पसरलेला होता. तो औरंगाबादला गेला. औरंगपुऱ्यातल्या एका कापडवाल्यानं त्याला दुकानाच्या दारात स्टुलावर बसवलं. गिऱ्हाईक आलं की उठायचं, दार उघडायचं, पुन्हा बसायचं. मालक त्याला नावानं हाक मारत नसे, टाळी वाजवायचा.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. कन्नड तालुक्यात जिकडंतिकडं विहिरी खोल करायला काढल्या. विहिरी खोदणाऱ्या शफी मुकादमाच्या टोळीतल्या सुरुंगवाल्याची बोटं उडाली होती. शफी दुकानात कापड घ्यायला आला आणि दारातला माणूस कोण आहे ते कळल्यावर कापड न घेताच त्याला घेऊन गेला.

टोळी दुपारी एकाच परातीत जेवायची. हिंदू, मुसलमान, बाया, सगळे. बार उडाल्यावर विहिरीत पहिला उतरेल त्यानं पहिली भाकरी मोडायची, असा रिवाज होता. पहिले काही दिवस ती पुंजारामनं मोडली. कुणी त्याच्याशी फार बोलत नव्हतं, पण परातीभोवती सरकून त्याला जागा करून देत.

मग एक बार उडाला नाही.

वातीत दारूची बारीक रेघ असते आणि तिच्यावर सुताचं वेष्टण. ते ओलं झालं की रेघ मध्येच गुदमरते. धूर दिसत नाही, पण सूत आतल्या आत धुमसत पुढं सरकतं आणि पलीकडची कोरडी दारू गाठतं. विझलेली वात आणि धुमसणारी वात वरून सारखीच दिसते. म्हणून सैन्यात नियम होता, अर्धा तास कुणी जवळ जायचं नाही. टोळीत असा नियम नव्हता. बार उडाला नाही की लगेच उतरून वात उपटायची. इतक्या वर्षांत काही झालं नव्हतं. याला पुरावा म्हणत नाहीत, पण सवय याच्यावरच बसते.

पुंजारामनं सगळ्यांना मागं सरून अर्धा तास थांबायला सांगितलं.

"फौजेत अशीच लढाई करता व्हय?" सांडू म्हणाला. "झाडाखाली बसून?"

सांडू टोळीतला सगळ्यात चपळ गडी. तो हसत उतरला आणि उपटलेली वात दातांत धरून वर आला. दुपारी त्याच्या बायकोनं, भागूबाईनं, पुंजारामच्या हातावर भाकरी ठेवली आणि तिकडं सावलीला बसून खा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. जनावराला वेगळं बांधावं तसं ते होतं.

पुढं त्यांना एक खेळ सापडला. पुंजाराम पाठमोरा असला की सांडू रिकामा डबा दगडावर आपटायचा. पुंजाराम फौजेतल्या सवयीनं जमिनीवर आडवा पडायचा, हात डोक्यावर. सगळे पोट धरून हसत. एकदा एका बाईनं हसता हसता मूल खाली ठेवलं. तरी तो परत गेला नाही. दुकानात त्याला कुणी हसतही नव्हतं.

दुसऱ्यांदा बार उडाला नाही, तेव्हा कुणी काही बोलायच्या आत तो दोर धरून खाली उतरला. वात विझलेली होती. वर येताना सांडूनं हात दिला.

"आता माणूस झाला," शफी म्हणाला.

परातीत त्यानं पहिली भाकरी मोडली. तो हळूहळू त्यांच्यासारखं बोलू लागला, त्यांच्यासारखं हसू लागला. अर्ध्या तासाचा नियम त्यानं पुन्हा काढला नाही. सांडूला त्यानं सुरुंग भरायला शिकवलं, आणि सांडू मन लावून शिकला.

नानासाहेब नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर सांडूनं दोन वाती लावल्या. एक बार उडाला, दुसरा नाही. सांडूनं काठावरून एक पाय आत सोडला आणि तो थांबला.

"फौजी," तो हळू आवाजात म्हणाला, "थांबावं का जरा? खाली वल हाय लई."

तो खरंच विचारत होता. पुंजारामला उत्तर माहीत होतं. तिथं दुसऱ्या कुणालाच ते तितकं नीट माहीत नव्हतं. पण सगळे त्याच्याकडं बघत होते, आणि 'थांब' म्हटलं असतं तर पुन्हा सावली आणि हातावरची भाकरी.

त्यानं पायाशी पडलेला डबा उचलला आणि सांडूच्या पाठीमागं दगडावर आपटला.

सांडू दचकला. टोळी हसली, भागूबाईही हसली. सांडूनं हसत एक शिवी दिली आणि उतरला. त्याचं डोकं काठाखाली गेलं आणि थोड्या वेळानं बार उडाला.

त्या बारानं खडक चिरला आणि पाणी लागलं. नानासाहेब नारळ घेऊन धावत आले आणि विहिरीत बघून नारळ हातात धरून उभे राहिले. पोलीस पाटील आला. शफीनं सांगितलं, तो आपल्या मनानं उतरला. बाकीच्यांनीही तेच सांगितलं. पुंजारामनं तोंड उघडलं, तेव्हा शफीनं त्याचा खांदा दाबला.

"आपला माणूस आपण देत नाय," तो त्याच्या कानाशी म्हणाला.

सैन्य सोडल्यापासून त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. पुंजारामनं तोंड मिटलं.

पाणी चढत होतं आणि विहीर भरण्याआधी खालचा दगड काढायला हवा होता, म्हणून तिसऱ्या दिवशी काम सुरू झालं. भागूबाईही आली. तिला दुसरीकडं जायला जागा नव्हती. ती सरळ पुंजारामपुढं येऊन उभी राहिली.

"भाऊ, थांबले असते तर वाचले असते का?"

"त्याची वेळ भरली व्हती, बाई," शफी म्हणाला.

ती शफीकडं वळलीसुद्धा नाही. सुरुंगातलं कळणारा पुंजाराम होता, म्हणून तिनं त्याला विचारलं होतं. टोळीतले हात थांबले.

"नाय," पुंजाराम म्हणाला. "नसते वाचले."

तिनं मान हलवली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले. मग तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली आणि दगडांनी भरलेल्या टोपलीशी वाकली. भरलेली टोपली एकट्याला डोक्यावर घेता येत नाही. पुंजारामनं हात लावला.