खराब ठरवलेल्या माद्या

मी एक म्हातारा पांढरा उंदीर आहे आणि आज मला भयंकर राग आलेला आहे. छोट्या मित्रांनो, म्हातारा म्हणजे दीड वर्षाचा. आमच्यात तेवढ्यात मिशा झडायला लागतात. जबलपूरच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत, प्लास्टिकच्या पिंजऱ्यात माझा जन्म झाला. बाहेरचं जग मी पाहिलेलं नाही. माणसं मात्र पुष्कळ पाहिली, आणि तेवढी पुरे झाली.

लहानपणी माझं फार कौतुक व्हायचं. मी अंगानं दांडगा होतो. आमची देखभाल करणारे शशिकांत मला तळहातावर घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत, "देखो, आपला पहिलवान!" वयात येताच माझ्या पिंजऱ्यात एक मादी सोडली. बिचारी स्वभावानं गरीब. कागदाचे कपटे गोळा करून तिनं घरटं केलं, पण पिलं काही झाली नाहीत. मग शशिकांतनी तिला शेपटीला धरून उचललं. "मादी खराब निघाली," एवढंच म्हणाले.

या खोलीची रीतच अशी. पिलं झाली नाहीत की मादी बदलायची आणि नर ठेवायचा. नर दिसायला धडधाकट असेल, तर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. नेलेली मादी परत येत नाही, तिला मारून टाकतात. माझ्याकडे दुसरी आली, तीही तशीच गेली. त्यांचा गुन्हा काय, हे कुणी विचारलं नाही. अजूनही आठवलं की माझे दात शिवशिवतात.

तिसरी राखाडी रंगाची होती. तिलाही उचललं, पण त्या वेळी अवंती आडवी आली. अवंती इथली संशोधक, रांझीहून बसनं येते. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. सासूबाई इंदूताई तिला एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरवत होत्या. नवऱ्याच्या तपासणीचं नाव कुणी काढत नव्हतं. मला हे ठाऊक, कारण माझ्या पिंजऱ्यापाशी उभी राहून ती आईशी फोनवर रडायची.

"शशिकांत भैया, हिला काहून नेऊन राहिले?" तिनं विचारलं.

"खराब आहे, दीदी. पिलं देत नाही."

"अन् याला तपासलं का?"

शशिकांत हसले. "पहिलवानाला? बघा ना, कसा तगडा आहे!"

अवंतीनं राखाडीला त्यांच्या हातातून घेतलं आणि कोपऱ्यातल्या एका मरतुकड्या नराजवळ सोडलं. महिन्याभरात त्या पिंजऱ्यात गुलाबी पिलं चुळबुळायला लागली. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी संतापलो. आधीच्या दोघींचीही पिलं अशीच झाली असती!

मग माझ्या सख्ख्या भावाला नेलं. त्याचीही गत माझ्यासारखीच होती. त्याला कापून त्याचे शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. त्यांची डोकी ठीक होती, पण शेपट्या आखूड आणि पिळवटलेल्या. शेपटीच धड नसेल तर ते मादीच्या बीजापर्यंत पोहत जाणार कसे? शेपटी घडवणाऱ्या एका जनुकात बदल झालेला होता. एक बिघडलेली प्रत आम्हाला आईकडून मिळाली, एक बापाकडून. आईबापांजवळ प्रत्येकी दुसरी चांगली प्रत होती, म्हणून त्यांचं काही अडलं नाही. आम्हा भावांच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. अवंतीनं माझ्या शेपटीचं टोक कापून तपासलं. माझ्यातही तेच निघालं. माझ्या तगडेपणाचा याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

त्या संध्याकाळी तिचा नवरा योगेंद्र तिला न्यायला आला. तो खमरियाच्या फॅक्टरीत नोकरीला. माझा पिंजरा अजून तिच्या टेबलावरच होता.

"चल लवकर. सोमवारी नागपूरला निघायचं आहे. आईनं तुझ्या ऑपरेशनची तारीख घेतली."

"आधी यात बघा," अवंती म्हणाली.

योगेंद्रनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "हे काय आहे?"

"एका तगड्या उंदराचे शुक्राणू. खोट याच्यात होती, अन् आम्ही माद्या मारून राहिलो होतो."

तो भडकला. "मी काय उंदीर आहे का? फॅक्टरीच्या कबड्डी टीममध्ये आहे मी! माझ्यात काय खोट असणार?"

"माझ्यात आहे, हे तरी कोणी पाहिलं? इतकी वर्षं सुया मीच खाऊन राहिली. तुमच्या तपासणीत ना सुई, ना चाकू. काही निघालं तर मी तुम्हाला सोडून जाणार नाही. पण तुमची तपासणी झाल्याशिवाय मी नागपूरच्या वाटेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलापलीकडे पाय टाकणार नाही."

"आईला काय सांगू?"

"हेच सांगा."

योगेंद्रनं हेल्मेट काखेत मारलं आणि तिची पिशवी उचलली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "चलो. कुठं करतात ही तपासणी?"

ती दोघं गेली. पुढं काय निघालं ते मला माहीत नाही, आणि माझ्या रागाचं ते कारणही नाही.

मित्रांनो, उद्या मलाही कापणार आहेत. अवंतीनं मघाशी माझ्या पाठीवरून बोट फिरवलं, तेव्हाच मी ओळखलं. कापा, मला दया नको. पण तुम्ही मोठे व्हाल तेव्हा मूल नाही म्हणून एकटीकडे बोट दाखवू नका. आधी दोघांनाही तपासा. माझी खोट कळायला शेपटीचं एवढंसं टोक पुरलं. ते आधी कापलं असतं, तर त्या दोघी आज जिवंत असत्या.