न लावलेला अडसर

मित्रांनो, मी एक जुना अडसर आहे. हल्ली दारांना लोखंडी कड्या असतात, म्हणून तुम्ही मला पाहिलं नसेल. दार मिटलं की आतून आडवा बसवतात, तो ऐनाच्या लाकडाचा दांडा म्हणजे मी. दिवा गावाजवळच्या मिठागरांच्या वस्तीत सखुबाईच्या घरी माझा मोठा मान होता. "हा हाय म्हणून झोप लागतं," असं ती म्हणायची आणि मी फुगून जायचो.

अठ्ठेचाळीस सालच्या कार्तिकात वादळ झालं. सखुबाईचा एकुलता मुलगा नाथा मिठाचा मचवा घेऊन खाडीतून गेला होता. मचव्याच्या फळ्या सापडल्या, नाथा सापडला नाही. सखुबाईने गावदेवीला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना फुलं चिकटवून राघो भगताने विचारलं, "माये, नाथा येल का?" उजवं फूल पडलं. "तवर त्याच्यासाठी दार उघडं ठेवाचं का?" पुन्हा उजवंच पडलं.

उजवं पडलं म्हणजे देवीचा होकार. त्या दिवसापासून मी कोपऱ्यात उभा आहे. धडधाकट असून बिनकामाचा! मला तर देवीचासुद्धा राग यायचा. कुत्री आत शिरून भाकऱ्या पळवत. एकदा चोराने तांब्याचा हंडा नेला, तेव्हा नाथाची बायको लक्ष्मी रडकुंडीला आली.

"आये, लोक हसतान आपल्याला. आज तरी अडसर लावू दे गो."

"देवीनी सबूद दिलाय. ती तिचा पाळंल, आपुन आपला पाळाचा."

पावसाळ्यामागून पावसाळे गेले. सखुबाईची नजर अधू झाली, तरी ती वाटेकडे तोंड करूनच बसायची. छप्पन साली तशीच बसल्या जागी ती गेली. नाथा आलेला नव्हता.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. घरात लक्ष्मी एकटी उरली. तिने मला उचललं आणि मला वाटलं, सुटलो एकदाचा! पण दारापाशी येऊन ती खाडीच्या बांधाकडे बघत राहिली आणि ढसाढसा रडली.

"आये होती तवर वाट बघाचं काम तिचं होतं," ती म्हणाली. "आता माझं."

तिने मला परत कोपऱ्यात ठेवलं.

मित्रांनो, आता मला वाळवी लागली आहे. शेजारणी म्हणतात, चुलीत घाल तो दांडा. माझं एवढंच मागणं आहे, मला जाळू नका, थोडं तेल चोळा. नाथा घरात आला की त्याच्यामागे दार लावायला मी हवा ना?