साईनाथचे फोटो

…वाटी. दह्याची, ताटाच्या कडेला, अर्धी तशीच टाकलेली. मैनानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. म्हणजे अन्नाची कदर नाही — आणि नजर ही अशी खाली, डोळ्याला डोळा न देणाऱ्या माणसांचा काय भरवसा… ऋतुजानं पसंत केलेला हा साईनाथ संध्याकाळी खराडीला घरी यायचा होता. तू नाही म्हणालीस तर नाही, असं लेकीनं स्वतःहून सांगून सगळं ओझं आईच्या खांद्यावर टाकलं होतं.

सकाळी लग्नातल्या फसवणुकीचा एकच व्हिडिओ तिनं पाहिला. मग फोन आग्रहानं तसलेच वाढत राहिला, आणि तीही नको न म्हणता गिळत राहिली.

"आगं, फोटूत मानूस कळतो व्हय?" नवऱ्यानं, संपतनं, पेपराआडून विचारलं.

"तुम्ही गप बसा."

दुपारी साईनाथचाच फोन आला. "काकू, मार्केट यार्डातून निघतोय. काही आणू का? फक्त निवडायला सांगू नका, मला कुणीही गंडवतं."

मैना खळखळून हसली. फोन ठेवून तिनं पुन्हा तेच फोटो उघडले, आणि खालची नजर लाजरी दिसायला लागली. दही? पोट भरलं असेल बिचाऱ्याचं… फोटो तर तेच होते. मग खोटी कोण — सकाळची मैना की आत्ताची?

लग्नाआधी संपत तिला पाहायला आला तेव्हा सांडलेला चहा त्यानं स्वतःच्या रुमालानं पुसला होता. तेवढ्यावरून माणूस चांगला असं तिनं ठरवून टाकलं, आणि पुढं जन्मभर ती त्याचेच पुरावे वेचत आली — घोरणं, विसरभोळेपणा, दिराच्या लग्नातलं ते भांडण, सगळ्याकडे काणाडोळा करत. आंधळेपणाच म्हणायचा. पण संसार सुखाचा झाला की! तिला गंमत वाटली, थोडी भीतीही.

"आई, तो लेट येईल हं," ऑफिसातून आलेली ऋतुजा आरशासमोर केस सोडत म्हणाली. "वाटेत कुणाला ना कुणाला लिफ्ट देत बसतो. क्यूट आहे ना?"

उशीर तो उशीरच, असं मैनाच्या अगदी ओठांवर आलं. पण लेकीचा चेहरा पाहिला आणि उमगलं — पुराव्यांची वेचणी इथंही कधीच सुरू झालीय, आपल्या होकारासाठी ती थोडीच थांबलीय. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं मात्र हलकं, छान. साईनाथ कसा आहे हे तिला अजूनही ठाऊक नव्हतं. पण लेकीसारखीच तिलाही आता त्याची वाट बघवेना.