चौकटी कंसातलं नाव

काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा मला वाटलं, पुस्तक परत करायला आल्यात. त्यांनी पिशवीतून लहान मुलांचं एक पातळ पुस्तक काढलं, गोगलगाय बिऱ्हाड शोधत फिरते त्याचं, आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"यात माझ्या मुलीचं नावच नाहीये. चित्रं तिची आहेत. तुमच्या कॉम्प्युटरवर तरी घालाल का?"

वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची नोंद करणं हे माझं काम. शीर्षक, लेखक, प्रकाशक, पानं, आकार. प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली. एकदा केलेली नोंद बाकीची वाचनालयंही जशीच्या तशी उचलतात, म्हणून नियम कडक. आतल्या शीर्षकपानावर छापलंय तेच लिहायचं. या पुस्तकाच्या त्या पानावर लेखक होता, प्रकाशक होता. चित्रकार कुठेच नव्हता.

"मुलीलाच घेऊन या ना एकदा," मी म्हटलं. "त्यांनी सांगितलं की झालं."

काकूंनी रिकाम्या पिशवीची घडी घातली, मग पुन्हा उलगडली. "ती गेली हो. गेल्या वर्षी."

मला कुठे तोंड लपवू असं झालं.

आमच्या विभागप्रमुखांना सगळे पाठीमागे काना-मात्रा म्हणतात. त्यांना सांगितलं, तर मान वर न करता म्हणाले, "आईच्या सांगण्यावर नोंद? उद्या माझी आई येईल आणि म्हणेल, अख्खा शब्दकोश माझ्या बाब्याने लिहिलाय."

"मग काय सांगू त्यांना?"

"लेखकाला विचार. तो हो म्हणाला तर घाल, पण चौकटी कंसात. छापलेलं नाही, बाहेरून कळलंय, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे."

लेखक फोनवर चांगले खुशीत होते. "हो, हो! एक मुलगी होती. फार गुणी. गोगलगायीला चष्मा तिनेच घातला, माझ्या गोष्टीत नव्हताच तो. पोरं त्या चष्म्यावरच खूश. नाव टाकायचं राहूनच गेलं बघा, छापायची घाई होती."

"काय नाव त्यांचं?"

"अहो, अगदी जिभेवर आहे..."

जिभेवरून खाली काही उतरलं नाही.

काना-मात्रांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नाव मग माहीत कोणाला आहे?"

"आईलाच."

"मग तेच लिही. खाली टीप टाक : चित्रांविषयी लेखकाकडून समजले, नाव आईकडून." आणि दारातून वळून म्हणाले, "ऱ्हस्व-दीर्घ नीट विचारून घे त्यांना."

दुसऱ्या दिवशी काकूंना शेजारी बसवून मी नाव टाइप केलं. लगेच स्क्रीनवर त्याच नावाच्या दुसऱ्या बाई आल्या, शिवणकामावर पुस्तकं लिहिणाऱ्या.

"नावापुढे जन्मसाल घालावं लागेल, काकू. नाहीतर आपली गोगलगाय या शिवणवाल्या बाईंच्या नावावर जाईल."

साल त्यांनी पटकन सांगितलं. त्यापुढे रेघ येते. माणूस गेलेलं असेल तर रेघेपुढे दुसरं साल. नसेल तर जागा मोकळी. माझी लेक तेव्हा पाळणाघरात नुकती रमायला लागली होती. मी जागा मोकळीच ठेवली आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला. "झालं."

त्यांनी ओळीवर बोट फिरवत वाचलं. बोट रेघेशी थांबलं.

"इथे पुढे काही नाही?"

"चालतं तसं. पुष्कळांचं असंच असतं."

"कुणाचं?"

मी स्क्रीन परत माझ्याकडे वळवायला लागले.

"नको गं," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच मला एकेरी. "पोरांना चित्रं आवडतील. त्यांच्या आया विचारतील, या ताईंचं पुढचं पुस्तक कधी येणार? तू तरी काय सांगशील? घाल ते साल."

साल मला माहीत होतं. बोटं हलेनात.

"सरक जराशी," असं म्हणत त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. एकेक कळ शोधून आकडे दाबले. चुकीचा पडला तो मला पुसायला लावला, पुन्हा दाबला.

मग विचारलं, "आता कुठलं बटण?"

मी दाखवलं.